वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : फड्या निवडुंगाची लाल बोंडे

उन्हाळा जवळ आला की माळरानावरच्या फड्या निवडुंगाला बोंडे लागतात आणि त्याबरोबर या सदराकडे त्यांविषयीची पत्रेही येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या पडीक तुकड्याच्या कडेला निवडुंगाचे जुने बेट आहे. लहानपणी गुरे राखताना आम्ही त्याची लाल बोंडे दगडावर घासून खात असू. आता सुटीत आलेली नातवंडे तीच मागतात; पण सूनबाई म्हणतात की निवडुंगाचा चीक विषारी असतो आणि डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो. खरे काय मानावे? (एक वाचक, दहिवडी, जि. सातारा)

उत्तर : आपले आणि सूनबाईंचे, दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, फक्त दोघांच्या डोळ्यांपुढे दोन निरनिराळी झाडे आहेत. काटेरी, मांसल आणि कुंपणाला लावलेल्या जवळजवळ प्रत्येक झाडाला आपण निवडुंग म्हणतो. त्यांपैकी त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग आणि शेर ही एरंडाच्या कुळातील झाडे होत. त्यांची फांदी मोडताच पांढरा, दुधासारखा चीक वाहू लागतो. हा चीक कातडीला लागला तर आग होते, पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात आणि डोळ्यात गेला तर दृष्टीला खरोखरच धोका पोहोचतो. फड्या निवडुंग कॅक्टसच्या कुळातला आहे. चपटे, अंडाकृती फडे एकावर एक जोडून वाढणारे हे झाड असून त्याचा फडा मोडला तर चीक येत नाही, बुळबुळीत व पाणीदार रस येतो. पांढरा चीक दिसला की ते झाड तोंडापासून दूर ठेवायचे, ही एक खूण नातवंडांना पक्की शिकवावी, आणि तीही आपण स्वतः फडा मोडून दाखवून. मुलांच्या हाती झाड देऊन परीक्षा घेऊ नये.

आपल्या भागातील माळावर दिसतो तो बहुधा ऑपन्शिया एलेटिअर या जातीचा निवडुंग असतो. त्याचे काटे लांब व तपकिरी, फूल केशरी-लालसर छटेचे आणि फळ पिकल्यावर गडद जांभळट लाल असते. समुद्रकिनाऱ्याकडे पिवळ्या काट्यांचा आणि पिवळ्या फुलांचा ऑपन्शिया डिलेनाय अधिक आढळतो. दोन्हींची फळे खाण्याजोगी आहेत.

बोंड पूर्ण पिकल्यावरच तोडावे. काही फळे अर्धकच्ची काढून आढीत घातली तरी पिकतात. हे फळ तसे नाही. झाडावरून उतरले की त्याचे पिकणे थांबते आणि गोडी वाढत नाही. म्हणून हिरवट छटा पूर्ण गेलेले, किंचित मऊ लागणारे आणि चिमट्यात धरून पिरगाळताच सुटणारे फळ तेवढे घ्यावे. तोडताना वारा पाठीवर घ्यावा, कारण फळावरची कुसळे वाऱ्याबरोबर उडून डोळ्यात जातात. सुती हातमोजे मुळीच घालू नयेत. कुसळे त्यांच्या विणीत रुतून बसतात आणि नंतर कितीतरी दिवस टोचत राहतात. लांब सांडशी किंवा चिमटा आणि खाली धरायला पत्र्याचा डबा, एवढे साहित्य पुरते. जुन्या बेटाच्या बुडाशी सापाचा वावर असतो, त्यामुळे मुलांना आत शिरू देऊ नये. बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला तणनाशक फवारलेले असेल, तर तेथील फळांचा मोह सोडलेलाच बरा.

दगडावर किंवा मातीत घासण्याची आपली जुनी रीत वाईट नाही, पण तिने सारी कुसळे जातात असे मात्र नाही. त्यापेक्षा बोंड सांडशीत धरून जाळावर फिरवावे. कुसळे तडतडत जळतात. तडतड थांबली की फळ ओल्या गोणपाटात घोळवून वाहत्या पाण्याखाली धुवावे. मग दोन्ही टोके कापून, उभी चीर देऊन साल उलगडावी. फुलाच्या बाजूचे टोक जरा जाडच कापावे, कारण त्या खोलगट भागात कुसळांचे पुंजके दडलेले असतात. तमिळनाडूत या फळाच्या आतला चांदणीसारखा काटेरी भाग काढून टाकल्याशिवाय ते मुलांच्या हाती देत नाहीत, आणि ही खबरदारी आपणही घ्यावी.

गराची चव आंबटगोड असते आणि त्यात टणक बियांची भरपूर दाटी असते. त्या चावू नयेत, दात दुखावतो. चार-दोन गिळल्या गेल्या तर बिघडत नाही. मात्र बियांसकट पोटभर बोंडे खाल्ल्यास त्या आतड्याच्या शेवटच्या भागात साचून त्यांचा घट्ट गोळा होतो आणि शौचाला अडते. हे फळ जेथे बाजारात ढिगाने विकले जाते त्या भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत डॉक्टरांना असे रुग्ण नवीन नाहीत. लहान मुलांना बी काढलेला गरच द्यावा. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली तर घाबरू नये. बीट खाल्ल्यावरही काही जणांना असेच होते आणि त्यामागचे रंगद्रव्यही त्याच गटातले आहे.

प्रश्न : बोंडे सोलताना बोटांत बारीक काटे शिरले. दिसत नाहीत, पण दोन दिवस टोचत आहेत. काय करावे? (एक वाचिका, सांगोला, जि. सोलापूर)

उत्तर : या निवडुंगाला दोन प्रकारचे काटे असतात. लांब, टोकदार काटा डोळ्यांना दिसतो आणि बहुतेक वेळा एका झटक्यात निघतो. खरा त्रास त्याच्या बुडाशी पुंजक्याने असणाऱ्या केसाएवढ्या कुसळांचा. प्रत्येक कुसळाला उलट्या दिशेने वळलेले सूक्ष्म दाते असतात, त्यामुळे ते आत शिरते सहज, पण मागे येताना अडते. चोळल्याने ते अधिक खोल जाते किंवा तुटून त्याचा तुकडा आत राहतो. म्हणून पहिली गोष्ट ही की बोट चोळू नये आणि दातांनी काटा ओढण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नये, नाहीतर तेच कुसळ जिभेत रुतते.

चांगल्या उजेडात, शक्य असल्यास भिंगाखाली, बारीक चिमट्याने जेवढी कुसळे दिसतील तेवढी शिरली त्याच दिशेने सरळ ओढून काढावीत. राहिलेल्यांवर कागद-लाकूड चिकटवण्याचा पांढरा गोंद पातळ थराने लावावा, त्यावर जाळीदार पट्टीचा तुकडा दाबून बसवावा आणि गोंद पूर्ण वाळल्यावर पट्टी एका बाजूने सावकाश सोलून काढावी. आधी चिमटा आणि मग गोंद, हा क्रम महत्त्वाचा आहे; नुसत्या चिकटपट्टीने फारसे काम होत नाही. नंतर साबणाने हात धुवावा. जागा लाल होऊन सुजली, पू धरला किंवा बारीक पुटकुळ्या उठून आठवडाभरात बसल्या नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. डोळ्यात कुसळ गेल्याची शंका असेल तर घरगुती उपाय करत बसू नये, तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

प्रश्न : या बोंडांचे सरबत किंवा जॅम घरी कसे करावे? मागच्या वर्षी सरबत केले तेव्हा सुंदर रंग उकळताना विटकरी झाला आणि बाटलीतले सरबत थोड्याच दिवसांत फसफसले. (एक वाचिका, कवठे महांकाळ, जि. सांगली)

उत्तर : रंग जाणे आणि सरबत फसफसणे, या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

जांभूळ किंवा काळी द्राक्षे यांचा रंग ज्या द्रव्यांमुळे असतो ती निवडुंगात नसतात. याचा लाल रंग बीटालेन गटातल्या द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये पाण्यात सहज उतरतात, पण उष्णता, उजेड आणि हवा या तिघांपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. रस जितका वेळ उकळाल तितका तो तपकिरीकडे झुकत जाईल. म्हणून पाक वेगळा करावा, तो कोमट झाल्यावर त्यात रस घालावा आणि रस स्वतः उकळू नये.

रस काढण्याची रीत अशी. भाजून, धुऊन, सोललेली बोंडे हाताने किंवा रवीने कुस्करावीत. मिक्सर जोरात फिरवला तर बियांचा चुरा होऊन रसाला कचकचीत, तुरट चव येते. फिरवायचाच असेल तर दोन-तीन झटके पुरेत. कुस्करलेला गर प्रथम चाळणीतून आणि मग चौपदरी धुतलेल्या मलमलीतून गाळावा. हे दुसरे गाळणे टाळू नये. भाजण्यातून निसटलेली कुसळे येथेच अडतात आणि बाजारातल्या काही रसांमुळे घसा खवखवतो त्यामागे बऱ्याचदा गाळण्यातली घाईच असते. रस बुळबुळीत, किंचित तार धरणारा निघेल. तो तासभर थंड जागी ठेवला की वरचा भाग पुरेसा पातळ होतो.

दोन वाट्या रसाला अडीच वाट्या साखर घ्यावी. साखरेत पाऊण वाटी पाणी घालून एकतारी पाक करावा, तो कोमट झाल्यावर रस मिसळावा आणि शेवटी दोन मोठ्या लिंबांचा गाळलेला रस घालावा. देताना एक भाग सरबताला तीन-चार भाग गार पाणी, चिमूटभर सैंधव आणि आवडत असल्यास भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. आमच्या मते वेलची येथे शोभत नाही. या फळाला स्वतःचा सुगंध अगदी मंद असतो आणि वेलची घातली की फक्त वेलचीच लागते.

आता फसफसण्याविषयी. रानटी बोंडांची चव आंबटगोड लागते खरी, पण निवडुंगाच्या फळाचा आंबटपणा एकंदरीत कमीच असतो. लागवडीच्या गोड जातींच्या रसाचा पीएच ५ ते ६ किंवा त्याहूनही वर असतो, म्हणजे लिंबू किंवा कोकमाच्या मानाने तो रस जवळजवळ आंबट नाहीच. अशा रसात किण्वन लवकर सुरू होते, शिवाय घातक जंतूंची वाढही होऊ शकते. म्हणून लिंबाचा रस केवळ चवीपुरता न मानता तो मापाने आणि भरपूर घालावा, बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या कराव्यात आणि न उकळलेले हे सरबत शीतकपाटातच ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावे. वर्षभर टिकवायचे असेल तर घरगुती बाटलीचा नाद सोडावा आणि गाळलेला रस बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावा. रंगही त्यात चांगला राहतो.

जॅमला हे फळ एकट्याने फारसे उपयोगी नाही, कारण जॅम घट्ट धरण्यासाठी लागणारे पेक्टिन व आंबटपणा दोन्ही यात कमी पडतात. निम्मा गर कवठाचा किंवा कच्चट पेरूचा घेतला तर जॅम छान बसतो. मेक्सिकोत या फळांचा रस आटवून काकवीसारखा पाक आणि त्याहून आटवून वड्या पाडता येतील इतका घट्ट गोळा करतात. रस आंबवून कोलोंचे नावाचे लाल पेयही करतात. आपल्या वाचकांपैकी कोणी वड्यांचा प्रयोग करणार असेल तर बुडाला लागू नये म्हणून मंद विस्तवावर सतत ढवळावे आणि रंगाची अपेक्षा सोडून द्यावी.

प्रश्न : मुलगी नोकरीसाठी अमेरिकेत आहे. तेथील मेक्सिकन दुकानांत निवडुंगाचे फडे भाजीसाठी मिळतात असे ती सांगते. आपल्या रानातल्या फड्यांची भाजी होईल का? (एक वाचक, बारामती, जि. पुणे)

उत्तर : होईल, पण सगळ्या फड्यांची नाही आणि तेवढी सुखाचीही नाही. मेक्सिकोत भाजीला वापरतात तो ऑपन्शिया फायकस-इंडिका ही शेकडो वर्षे लागवडीखाली असलेली जात. तिच्या अनेक वाणांना लांब काटे जवळजवळ नसतात. तेथे या झाडाला नोपाल म्हणतात आणि त्याचे स्थान एवढे मोठे आहे की देशाच्या ध्वजावरचा गरुडदेखील नोपालवरच बसलेला आहे. मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील मिल्पा आल्टा हा भाग तर नोपालच्या शेतीसाठीच प्रसिद्ध आहे. कोवळ्या फड्यांच्या फोडी अंड्याबरोबर, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीत किंवा नुसत्या तव्यावर भाजून खातात.

आपल्या रानटी निवडुंगाचे जुने फडे चोथट आणि काट्यांनी भरलेले असतात. भाजीला घ्यायचा तो नुकता फुटलेला, तळहाताहून लहान, चकचकीत हिरवा फडा. त्यावर काट्यांच्या जागी मांसल, शंकूसारखी इवली पाने दिसतात. झाडाची खरी पाने तीच आणि ती लवकरच गळून जातात. आपण ज्याला पान म्हणतो तो फडा म्हणजे खोडच होय.

फडा कोणत्या वेळी तोडावा यालाही महत्त्व आहे. इतर बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात. निवडुंगाने दिवसा तसे केले तर त्याच्यातले पाणीच उडून जाईल, म्हणून तो रंध्रे रात्री उघडतो आणि घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो. दिवस चढतो तसे हे आम्ल खर्ची पडते. त्यामुळे पहाटे तोडलेला फडा चांगलाच आंबट लागतो आणि त्याच झाडाचा दुपारनंतर तोडलेला फडा सौम्य लागतो. आंबट आवडणाऱ्यांनी सकाळी आणि मुलांसाठी करणाऱ्यांनी दुपारी तोडावा.

फडा पाटावर आडवा धरून धारदार सुरीने दोन्ही बाजूंचे काटे, कुसळांचे ठिपके आणि भोवतालची कड खरवडून काढावी, जाळावरून फिरवून धुवावा आणि बोटभर लांबीच्या फोडी कराव्यात. चिरताना भेंडीपेक्षाही जास्त तार सुटते. मिठाच्या पाण्यात अर्धा कांदा घालून फोडी दहा-बारा मिनिटे उकळाव्यात, पाणी टाकून द्यावे आणि गार पाण्याने धुवाव्यात. तार बरीच कमी होते. पुढे मोहरी-हिंगाची फोडणी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची घालून फोडी परतून घ्याव्यात आणि ज्वारीचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पेरावे. पीठ उरलेली तार शोषून घेते आणि आंबूस चवीला बांधूनही ठेवते. बाजरीच्या भाकरीबरोबर ही भाजी चांगली जमते.

फड्यांत ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते. पहिले पाणी टाकून देण्याचे तेही एक कारण आहे. ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटच्या मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी ही भाजी खाऊ नये.

प्रश्न : कच्छमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या नातेवाइकांनी निवडुंगाच्या फळाच्या रसाची बाटली पाठवली आहे. तिकडे या फळाला फिंडला म्हणतात. रोज दोन चमचे घेतले तर हिमोग्लोबिन वाढते आणि मधुमेहही आटोक्यात येतो, असा त्यांचा आग्रह आहे. घ्यावा का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : चवीसाठी अवश्य घ्यावा. औषध म्हणून घेण्याआधी मात्र थोडा विचार करावा.

लाल फळ खाल्ले की रक्त वाढते, हा समज डाळिंब आणि बीट यांच्याबाबतही आहे आणि तो मुख्यतः रंगावरून आलेला आहे. वर सांगितल्याप्रमाणे या रसाचा रंग बीटालेनचा आहे. त्याचा लोहाशी काही संबंध नाही. वनस्पतिजन्य पदार्थांतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. या फळात क जीवनसत्त्व आहे आणि ते इतर अन्नातील लोह शोषायला मदत करते, एवढे खरे. पण ती मदत लिंबाची फोड किंवा आवळाही करतो, आणि दोन चमचे रसातून मिळणारे लोह अशक्तपणा भरून काढण्याइतके असण्याची शक्यता नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते का कमी आहे, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, जंत आहेत का, आहारच अपुरा आहे का, हे पाहावे लागते. गर्भवतींनी तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या या रसासाठी थांबवू नयेत.

मधुमेहाच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. मेक्सिकोत काही छोट्या अभ्यासांत जेवणाबरोबर शिजवलेले नोपालचे फडे खाल्ल्यावर जेवणानंतरची साखर कमी चढल्याचे आढळले. हा परिणाम फड्यांतील तंतू आणि बुळबुळीत द्रव्याचा असावा असे मानले जाते. आपल्याला आली आहे ती फळांच्या रसाची बाटली, आणि टिकण्यासाठी त्यात साखर घातलेली असण्याचा संभव मोठा आहे. बाटलीवरील घटकांची यादी पाहा. साखर पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असेल तर मधुमेहाचे औषध म्हणून तिचा विचारच नको. उलट, जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात आणि फड्यांची भाजी नियमित खाऊ इच्छितात त्यांनी डॉक्टरांना तसे सांगून साखर तपासत राहावी, कारण दोन्ही मिळून ती गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.

जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांचा हवालाही या फळासाठी दिला जातो. मूळ अमेरिका खंडातले हे झाड आपल्याकडे समुद्रमार्गे आलेले असल्यामुळे प्राचीन संहितांत त्याचे वर्णन असण्याचे कारण नाही. तेथे स्नुही म्हणून ज्याचे गुण सांगितले आहेत तो चिकाचा निवडुंग होय, आणि ते गुण या बोंडाला लावणे सर्वथा चुकीचे, प्रसंगी धोक्याचेही आहे.

प्रश्न : आमच्या निवडुंगाच्या फड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके आले आहेत. बोटाने चिरडले तर रक्तासारखा लाल रंग येतो. अशा झाडाची बोंडे खावीत का? आमचे आजोबा सांगत की पूर्वी मैलोन्‌मैल निवडुंग होता आणि तो एका किड्याने संपवला. तोच हा किडा का? (एक वाचक, जामखेड, जि. अहिल्यानगर)

उत्तर : आजोबांनी सांगितले ते बहुतांशी खरे आहे आणि किडाही बहुधा तोच आहे. पांढऱ्या मेणचट आवरणाखाली बसून फड्याचा रस शोषणारा हा कोचिनीलचा कीटक. चिरडल्यावर दिसणारा रंग कार्मिनिक आम्लाचा असून कीटक ते स्वसंरक्षणासाठी तयार करतो. बोंड निरोगी असेल तर धुऊन, भाजून खायला हरकत नाही. मात्र किड्याने पोखरलेल्या झाडाची फळे लहान, सुरकुतलेली आणि बेचव निघतात. पूर्ण शाकाहारी वाचकांनी फळ नीट पाहून घ्यावे.

या किड्याची आपल्याकडची कथा मात्र सांगण्यासारखी आहे, कारण तिची सुरुवात झाड मारण्यासाठी झालीच नव्हती. अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतींत निवडुंगावर कोचिनील पाळून त्यापासून किरमिजी रंग करत, आणि युरोपातील कापडाच्या व्यापारात त्याला मोठी किंमत होती. स्पेनची ही मक्तेदारी मोडावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात कोचिनील पाळण्याची खटपट सुरू केली. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची खास बाग लावली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी रिओ दि जानेरोहून कीटक कलकत्त्याला आणले. तो उत्तम रंग देणारा कोचिनील समजून वाटला गेला. प्रत्यक्षात ती दुसरीच, हलक्या प्रतीचा रंग देणारी जात निघाली. रंगाचा धंदा बसला, पण त्या किड्याने ऑपन्शिया मोनाकँथा या जातीचा निवडुंग उत्तर व मध्य हिंदुस्थानात झपाट्याने संपवला. कीटकाकरवी तणाचा बंदोबस्त झाल्याचे जगातील हे पहिले उदाहरण मानले जाते, आणि ते कोणाच्याही मनात नसताना घडले.

तो किडा खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ होता. ऑपन्शिया एलेटिअर आणि डिलेनाय या दोन जातींना त्याने तोंड लावले नाही, त्यामुळे त्या दक्षिणेत पसरतच राहिल्या. पुढे १९२६ मध्ये, या वेळी मात्र ठरवून, डॅक्टिलोपियस ओपन्शी ही किड्याची दुसरी जात श्रीलंकेतून आणून दक्षिण हिंदुस्थानात सोडण्यात आली. पाच-सहा वर्षांत सुमारे ४०,००० हेक्टर जमीन निवडुंगातून मोकळी झाली. दख्खनच्या पठारावर आज निवडुंगाचे रान न दिसता तुरळक बेटेच दिसतात, त्यामागे या किड्याचा वाटा मोठा आहे. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाने सुमारे अडीच कोटी हेक्टरांवर पसरलेला निवडुंग अर्जेंटिनातून आणलेल्या कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाच्या अळ्यांकरवी आवरला; ते उदाहरण पाठ्यपुस्तकांत अधिक वाचायला मिळते, आपले मात्र आजोबांच्या गोष्टींतच राहिले आहे.

आपल्या बेटातील थोडे झाड फळांसाठी वाचवायचे असेल तर किडलेले फडे कापून जाळावेत किंवा खोल पुरावेत आणि उरलेल्यांवर जोराच्या पाण्याचा फवारा मारून पुंजके पाडावेत. कीटकनाशक मारलेल्या झाडाची बोंडे खाण्याचा विचार करू नये. अन्नात वापरायचा किरमिजी रंग या किड्याच्याच एका सख्ख्या जातभाईपासून आजही तयार होतो आणि परदेशी खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तो ‘ई १२०’ म्हणून नोंदलेला असतो.

प्रश्न : बोंडांना शहरात मागणी आहे असे ऐकतो. रानटी निवडुंगाची लागवड करावी का? आणि फळाचा आकार वाढवता येतो का? (एक वाचक, आटपाडी, जि. सांगली)

उत्तर : रानटी जातीची मुद्दाम लागवड करू नये. तुटून पडलेला प्रत्येक फडा मूळ धरतो, पक्षी बिया दूरवर नेतात आणि पुढच्या पिढीला चराऊ कुरण सोडवून घेण्याचे काम लागते. बांधावर आहेत त्या बेटांची फळे काढून विकणे वेगळे. फळ तोडल्यावर साध्या हवेत काही दिवसच टिकते, तेव्हा गिऱ्हाईक आधी ठरवून मगच तोडणी करावी, आणि विकताना कुसळे काढलेलीच फळे द्यावीत. एकदा बोट टोचलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

लागवडच करायची असेल तर बिनकाट्यांच्या फायकस-इंडिका जातीची करावी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने असे वाण परदेशातून आणून त्यांवर काम केले आहे, आणि उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने दुष्काळी भागातील चारा म्हणून बिनकाट्यांच्या निवडुंगाचा प्रसार केला आहे. बेणे आणि सल्ला दोन्हींसाठी तेथे विचारणा करता येईल. लावताना तोडलेला फडा लगेच मातीत खोचू नये. कापलेली बाजू सावलीत काही दिवस सुकून तिच्यावर खपली धरू द्यावी, नाहीतर फडा कुजतो. पाणी साचणारी काळी जमीन टाळावी, मुरमाड उताराची घ्यावी. गुरांना फडे घालायचे झाल्यास ते कडब्याबरोबर मिसळूनच घालावेत, कारण त्यांत बहुतांश पाणीच असते आणि नुसत्या फड्यांनी जनावर ढाळते.

फळाच्या आकाराविषयीही आपण विचारले आहे. सिसिलीचे शेतकरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला आलेला फुलांचा पहिला बहर हाताने झोडून टाकतात. झाड पुन्हा फुलते आणि शरद ऋतूत मोठी, रसाळ, कमी बियांची फळे मिळतात. हा प्रयोग आपल्या हवामानात करायचा असेल तर प्रथम दोन-तीन झाडांवरच करावा, कारण दुसरा बहर येण्यासाठी त्या वेळी झाडाला पाणी मिळावे लागते आणि आटपाडीच्या एप्रिल-मे महिन्यांत ते कोठून आणायचे, याचे उत्तर आधी शोधावे लागेल.